कम्युनिटी कॉलेजात आलेला विद्यार्थी पदवीपर्यंत कसा पोचवायचा: नव्या विभागप्रमुखासाठी आणि डीनसाठी

अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजचं, म्हणजे दोन वर्षांच्या सार्वजनिक कॉलेजचं, दार सगळ्यांना उघडं असतं. हायस्कूलचे गुण कमी असोत, वय चाळिशीचं असो, इंग्रजी कालपरवा शिकलेलं असो, कोणालाही परत पाठवत नाहीत. १९०१ साली इलिनॉय राज्यातल्या जोलिएट गावात पहिलं सार्वजनिक ज्युनियर कॉलेज निघालं; कम्युनिटी कॉलेजचं हे जुनं नाव. १९४७ साली राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगानं अशी कॉलेजं गावोगाव हवीत असं सांगितलं आणि आज त्यांची संख्या हजाराच्या आसपास आहे. इतकं उघडं दार ठेवणं ही मला त्या देशाची फार मोठी कामगिरी वाटते. पण दारातून आत आलेल्यांचं पुढं काय होतं? दहातले जवळपास आठ जण मनात चार वर्षांची पदवी धरून येतात. त्यांतले तिघेच कसेबसे विद्यापीठात पोचतात आणि सहा वर्षांत ती पदवी हातात पडते ती साधारण १६ टक्के मुलांच्या.

या कॉलेजांत गणित, संगणक, जीवशास्त्र, नर्सिंग शिकवणारी मराठी माणसं आता बरीच आहेत आणि त्यांच्यातले काही विभागप्रमुख, डीन या खुर्च्यांवर बसू लागले आहेत. हा लेख आधी त्यांच्यासाठी आहे. आपल्याकडच्या तालुक्याच्या कॉलेजचे प्राचार्यही तो वाचतील तर त्यांना ओळखीचं बरंच काही सापडेल.

मुद्दा एकच आहे. विद्यार्थी गळतो तेव्हा बहुतेकदा त्याची बुद्धी कमी पडलेली नसते. कॉलेजनंच घालून ठेवलेल्या लहान लहान अडसरांपाशी तो थकून थांबतो. हे अडसर माणसांनी घातलेले आहेत, म्हणून माणसांना काढताही येतात. प्रमुखाचं काम ते शोधणं, काढणं आणि पुन्हा उगवू न देणं.

पहिली पायरी: गळती नेमकी कुठं होते ते स्वतः बघा

केंद्र सरकारकडं जाणारा पदवीचा अधिकृत आकडा वाचून कामाला लागू नका. त्यात फक्त पहिल्यांदाच कॉलेजात आलेले आणि पूर्णवेळ शिकणारे विद्यार्थी मोजतात आणि त्यांना तीन वर्षांची मुदत धरतात. कम्युनिटी कॉलेजात दोन तृतीयांशाच्या आसपास विद्यार्थी अर्धवेळ असतात. म्हणजे ज्यांची काळजी जास्त करायला हवी तेच त्या आकड्यात नाहीत.

त्याऐवजी कॉलेजच्या संशोधन विभागाकडं एक साधी मागणी करा. दोन वर्षांपूर्वीच्या फॉल, म्हणजे शरदातल्या, सेमिस्टरला ज्यांनी अर्ज केला ते सगळे घ्या. त्यांच्यातले किती जण पहिल्या दिवशी वर्गात आले? किती जण दुसऱ्या सेमिस्टरला परतले? पहिल्या वर्षात कॉलेज पातळीचं गणित आणि इंग्रजी किती जणांनी पार केलं? किती जणांची २४ क्रेडिटं, म्हणजे पदवीसाठी मोजायचे विषयांचे एकक, पूर्ण झाली? जे दिसेनासे झाले त्यांच्यातले किती दुसऱ्या कॉलेजात सापडतात? हा शेवटचा प्रश्न देशभरातल्या कॉलेजांच्या नोंदी ठेवणाऱ्या नॅशनल स्टुडंट क्लिअरिंगहाऊस या संस्थेकडून सुटतो. मग हेच आकडे फोडून मागा: पूर्णवेळ आणि अर्धवेळ, दिवसाचे आणि संध्याकाळचे, पेल ग्रँट (कमी उत्पन्नाच्या विद्यार्थ्यांना केंद्राकडून मिळणारी मदत) घेणारे आणि न घेणारे, वंशगटानुसार. सरासरी सगळं झाकते. संध्याकाळच्या मुलांची वाताहत झालेली असली तरी दिवसाच्या मुलांच्या जोरावर आकडा बरा दिसतो.

दुसरी यादी विषयांची. सर्वाधिक विद्यार्थी असलेले वीस विषय घ्या आणि प्रत्येकात किती जणांना डी, एफ या खालच्या श्रेणी किंवा मधूनच सोडल्याचा डब्ल्यू मिळाला ते लावा. पहिल्या वर्षाची बहुतेक गर्दी मोजक्या विषयांत असते, त्यामुळं काम कुठं सुरू करायचं ते एका पानावर दिसतं. मात्र ही यादी एकेका शिक्षकाच्या नावानिशी भर बैठकीत कधीही दाखवू नका. एकदा तसं झालं की पुढची काही वर्षं तुम्हाला खरा आकडा कोणी देणार नाही.

आकडे हातात आल्यावर एक दिवस विद्यार्थी होऊन काढा. घरच्या फोनवरून अर्ज भरा. संध्याकाळी सहाला आर्थिक मदतीच्या खिडकीशी जा, कारण नोकरी करणारा विद्यार्थी त्याच वेळी येऊ शकतो. कॉलेजकडून येणारी पत्रं मोठ्यानं वाचा. पेल ग्रँटचा अर्ज म्हणजे फॅफ्सा, तो घरात कोणीच कधी भरलेला नसलेल्या मुलीला त्या पत्रातलं किती कळेल, हे तुमच्या तुम्हाला उमगेल.

दुसरी पायरी: दारातले अडसर

यांतले बरेचसे पैशाशिवाय काढता येतात. पार्किंगचा दंड किंवा ग्रंथालयाची थकबाकी राहिली की नोंदणी अडवतात. किती रकमेखाली नोंदणी अडवायची नाही, याची मर्यादा ठरवून घ्या. आता असलेल्या अडवणुकींची यादी काढली तर त्यांतल्या कितीतरी क्षुल्लक रकमांच्या निघतील.

सेमिस्टर सुरू व्हायच्या आठवड्यात विद्यार्थी कमी म्हणून संध्याकाळचा वर्ग रद्द करणं हा त्याहून वाईट अडसर. त्या वर्गाला येणाऱ्या बाईनं त्या वेळेप्रमाणं कामाची पाळी बदलून घेतलेली असते, मूल सांभाळायला कोणाला तरी सांगितलेलं असतं. वर्ग रद्द करायचाच असेल तर निदान महिनाभर आधी करा. आणि पदवीचा कार्यक्रम, म्हणजे अभ्यासक्रम, पूर्ण करायला जो वर्ग लागतोच, तो कमी संख्येतही चालवा.

उशिरा नोंदणी हा वादाचा विषय आहे. फ्लोरिडात ऑर्लँडोच्या वॅलेन्सिया कॉलेजनं नियम केला: वर्गाचा पहिला तास झाला की त्या वर्गात नवा विद्यार्थी घ्यायचा नाही. उशिरा येणाऱ्याला काही आठवड्यांनी सुरू होणाऱ्या तुकडीत जागा द्यायची. संख्या घटेल अशी भीती प्रत्येक प्रमुखाला वाटते, पण दुसऱ्या आठवड्यात घाईनं घुसवलेला विद्यार्थी सुरुवातीपासून मागं पडतो. दार उघडं ठेवण्याची ही जास्त प्रामाणिक रीत आहे असं माझं मत आहे.

तिसरी पायरी: गणित

इथं थोडं थांबायला हवं, कारण सगळ्यात जास्त मुलं इथंच गळत आली आहेत.

जुनी पद्धत अशी: प्रवेशाच्या दिवशी संगणकावर चाचणी, बऱ्याचदा कसलीही तयारी नसताना. तीत गुण कमी पडले की शाळेच्या पातळीचं उजळणीचं गणित, कधी एक पायरी, कधी तीन. या वर्गांचे पैसे भरावे लागतात, पण त्यांची क्रेडिटं पदवीत धरत नाहीत. आता कल्पनेतलं एक उदाहरण घ्या. १०० विद्यार्थी तीन पायऱ्या खाली बसवले. प्रत्येक पायरीला शंभरातले सत्तर पास होतात आणि पास झालेल्यांतले ऐंशी टक्के पुढच्या वर्गात नाव घालतात. दोन्ही आकडे वाईट नाहीत. तरी पहिल्या पायरीनंतर ५६ उरतात, दुसरीनंतर ३१, तिसरीनंतर १८ जण कॉलेज पातळीच्या वर्गात पोचतात आणि तिथं पास होतात १२. कोणी वाईट शिकवलं नाही, कोणी आळस केला नाही, तरी ८८ मुलं गेली. ही साखळीच ती मुलं खाते.

यावरचा उपाय आता बराच पारखलेला आहे. विद्यार्थ्याला थेट कॉलेज पातळीच्या वर्गात बसवायचं आणि त्याच सेमिस्टरला, त्याच विषयाला जोडून, जादा तासांची मदत द्यायची. टेनेसी राज्यानं २०१५ पासून सगळ्या कम्युनिटी कॉलेजांत ही पद्धत आणली. कॅलिफोर्नियात २०१७ साली कायदा झाला, एबी ७०५: विद्यार्थी थेट वर्गात टिकण्याची शक्यता अगदीच कमी आहे असं दाखवता आल्याशिवाय त्याला उजळणीच्या वर्गात पाठवायचं नाही आणि पातळी ठरवताना हायस्कूलचे गुण बघायचे. चार वर्षांच्या शाळेतल्या गुणांवरून एका सकाळच्या चाचणीपेक्षा जास्त कळतं, हे आपल्याला आपल्या अनुभवावरूनही पटेल.

पुढचा प्रश्न: कोणतं गणित? नर्सिंगला, समाजकार्याला, मानसशास्त्राला जाणाऱ्या मुलीला संख्याशास्त्र लागतं. तिला कॅल्क्युलसकडं जाणाऱ्या बीजगणितात अडकवून ठेवण्याला परंपरेशिवाय दुसरं कारण नाही. टेक्सास विद्यापीठाच्या डेना सेंटरनं याच विचारावर गणिताचे वेगवेगळे मार्ग आखले आहेत. विभागप्रमुखानं करायचं ते असं: प्रत्येक कार्यक्रमाच्या लोकांना बोलावून, तुमच्या मुलांना खरोखर कोणतं गणित लागतं, हे लेखी घ्या. ज्या विद्यापीठात मुलं पुढं जातात तिथल्या विभागालाही विचारा, नाहीतर इथं पास झालेला विषय तिथं धरणार नाहीत.

गणिताचे शिक्षक विरोध करतील आणि त्यांचं सगळंच चूक नसतं. अभियांत्रिकीला जायचंय पण बीजगणित फारच कच्चं आहे, असा मुलगा थेट कॅल्क्युलसच्या वर्गात टाकला तर तो बुडतो, ही त्यांची काळजी खरी आहे. म्हणून जोडीच्या तासांसाठी पैसे आधी मिळवा, वर्ग लहान ठेवा, ते तास त्याच शिक्षकाकडं द्या आणि पहिल्याच वर्षी सगळ्या तुकड्या बदलू नका. मदतीचे तास न देता फक्त उजळणी बंद करणं म्हणजे सुधारणेच्या नावावर केलेली काटकसर.

चौथी पायरी: वाट लिहून द्या

दोन वर्षांच्या पदवीला साधारण ६० क्रेडिटं लागतात. पेल ग्रँटसाठी सेमिस्टरला १२ क्रेडिटं घेतली की विद्यार्थी पूर्णवेळ ठरतो. बारा दुणे चोवीस, म्हणजे दोन वर्षांत ४८. पूर्णवेळ शिकतोय अशा समजुतीत असलेल्या मुलाचं एक सेमिस्टर आधीच मागं पडलेलं असतं आणि बऱ्याचदा हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. ज्याला झेपेल त्याला १५ क्रेडिटांबद्दल पहिल्याच भेटीत सांगा. ज्याला नोकरीमुळं झेपणार नाही त्याला उन्हाळ्याचा वर्ग सुचवा.

प्रत्येक कार्यक्रमासाठी एक पान करा: कोणत्या सेमिस्टरला कोणते विषय, कोणत्या क्रमानं, अर्धवेळ विद्यार्थ्यासाठी वेगळं. शेकडो विषयांची सूची पुढं टाकून निवड म्हणणं हे अठरा वर्षांच्या मुलावर टाकलेलं ओझं आहे. आणि त्या पानावर लिहिलेला विषय त्या सेमिस्टरला खरोखर शिकवला जाईल याची हमी द्या. दोन वर्षांचं वेळापत्रक आधी जाहीर करणं हे डीनच्या हातातलं सगळ्यात दुर्लक्षित काम आहे.

पाचवी पायरी: एक माणूस, जो ओळखतो

बहुतेक कॉलेजांत एका सल्लागाराच्या वाट्याला शेकडो विद्यार्थी येतात. अशा सल्लागाराला नोंदणीच्या आठवड्यात फॉर्मवर सही करण्यापलीकडं काही करता येत नाही.

यावर सगळ्यात भक्कम पुरावा न्यूयॉर्कचा आहे. सिटी युनिव्हर्सिटी ऑफ न्यूयॉर्कनं २००७ साली ॲसॅप नावाचा कार्यक्रम आपल्या कम्युनिटी कॉलेजांत सुरू केला. विद्यार्थ्यानं पूर्णवेळ शिकायचं, उजळणीचे विषय आधी उरकायचे, सल्लागाराला नेमानं भेटायचं. बदल्यात फीमधली उरलेली तफावत कॉलेज भरणार, पाठ्यपुस्तकं मिळणार आणि मेट्रो-बसचा पास मिळणार. सल्लागाराकडं विद्यार्थी मोजकेच. चिठ्ठ्या टाकून दोन गट करून एमडीआरसी या संशोधन संस्थेनं हे तपासलं: तीन वर्षांत कार्यक्रमातल्या ४० टक्के मुलांना पदवी मिळाली, बाहेरच्या २२ टक्क्यांना. शिक्षणात असा जवळपास दुप्पट फरक फार क्वचित दिसतो. नंतर ओहायोतल्या तीन कॉलेजांनी तेच केलं आणि तिथंही असाच मोठा फरक पडला. एका विद्यार्थ्यामागचा खर्च वाढतो, पण एका पदवीमागचा खर्च न्यूयॉर्कमध्ये कमी झाला. कॉलेजच्या कारभार मंडळातल्या ट्रस्टींपुढं मांडायचा हाच आकडा.

इतका पैसा नसेल तर काय? सगळे भाग एकदम जमले नाहीत तरी मेट्रो पासातलं शहाणपण घ्या. पास दर महिन्याला मिळायचा आणि त्याचा संबंध सल्लागाराच्या भेटीशी होता. भेट व्हावी म्हणून हातात काहीतरी खरं, उपयोगाचं दिलं होतं.

एक सावधगिरी. तिसऱ्या आठवड्यात गैरहजर विद्यार्थ्याची सूचना पाठवणारी संगणक प्रणाली विकायला बरेच जण येतील. ती घेण्याआधी विचारा, सूचना आल्यावर फोन कोण करणार? फोन करणाऱ्याचं नाव लिहिता येत नसेल तर प्रणाली घेऊ नका.

सहावी पायरी: पोट, भाडं, बस, मूल

टेक्सासच्या उत्तरेकडच्या सपाट प्रदेशातलं अमॅरिलो कॉलेज इथं आठवतंच. रसेल लोअरी-हार्ट २०१४ साली अध्यक्ष झाले. विद्यार्थ्यांना अडचणी विचारल्यावर वरच्या क्रमांकांवर अभ्यास नव्हताच, तर मुलांना सांभाळणं, प्रवास, अन्न, घरभाडं होतं. मग त्यांनी आपल्या सर्वसाधारण विद्यार्थिनीला मारिया असं नाव दिलं: नोकरी करणारी, लेकुरवाळी, घरातून कॉलेजात आलेली पहिलीच. प्रत्येक निर्णयाला प्रश्न एकच, हे मारियाला जमेल का? कॉलेजात मदत केंद्र आणि अन्नकोठार उभं राहिलं, तातडीच्या पैशाची सोय झाली आणि बहुतेक विषय सोळाऐवजी आठ आठवड्यांचे केले, म्हणजे एका वेळी दोनच विषय आणि मध्येच आयुष्य कोसळलं तर नुकसान अर्ध्याचंच. २०२३ साली कॉलेजला कम्युनिटी कॉलेजांसाठीचा ॲस्पेन पुरस्कार मिळाला, कॅलिफोर्नियाच्या इम्पीरियल व्हॅली कॉलेजबरोबर विभागून.

तुमच्या कॉलेजात तातडीची मदत असेल तर ती किती दिवसांत हातात पडते ते बघा. गाडीचं टायर फुटलं म्हणून कामावर जाता येत नसलेल्या माणसाला तीन शिफारसपत्रं मागून तीन आठवड्यांनी चेक देण्यात अर्थ नाही. शिवाय सरकारी मदत न मागितल्यामुळं पडून राहते. सरकारी अन्नमदतीसाठी निम्मा किंवा त्याहून जास्त वेळ शिकणाऱ्याला जादा अटी असतात, पण आठवड्याला २० तास काम किंवा सहा वर्षांखालचं मूल असेल तर तो पात्र ठरू शकतो. हे विद्यार्थ्याला कोण सांगतं?

पैशाचा आणखी एक सापळा प्रत्येक शिक्षकाला माहीत हवा. सेमिस्टरचा ६० टक्के काळ उलटायच्या आत विद्यार्थ्यानं सगळे विषय सोडले तर केंद्राच्या मदतीचा काही भाग परत करावा लागतो. कॉलेज ती रक्कम विद्यार्थ्याकडं मागतं, तो भरू शकत नाही, मग नोंदणी अडते. शिवाय घेतलेल्या क्रेडिटांतली साधारण ६७ टक्के पूर्ण करण्याची अट बहुतेक ठिकाणी असते. म्हणून विषय सोड असं सहज सांगण्याआधी त्याला आर्थिक मदतीच्या खिडकीशी पाठवा.

सातवी पायरी: अर्धवेळ शिक्षक

या कॉलेजांतले सुमारे दोन तृतीयांश शिक्षक अर्धवेळ आहेत. विषयामागं पैसे मिळतात, बसायला खोली नसते, एका दिवसात दोन-तीन कॉलेजं करतात. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या आपल्याकडच्या प्राध्यापकांना हे समजावून सांगायला नको. आणि पहिल्या वर्षाची मुलं बहुतेकदा याच शिक्षकांसमोर बसलेली असतात.

तरी सुधारणेच्या बैठका दुपारी दोनला, पूर्णवेळच्या सोयीनं ठेवल्या जातात. अर्धवेळ शिक्षकांना प्रशिक्षणाचे पैसे द्या. नवा शिक्षक आला की विषयाची तयार सामग्री, जुन्या परीक्षा आणि एका अनुभवी सहकाऱ्याचा फोन नंबर त्याच्या हातात पडायला हवा. वेळापत्रक लवकर द्या. पुस्तकाचा खर्चही इथंच सुटतो: राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्सची पाठ्यपुस्तकं २०१२ पासून फुकट मिळतात. विभागानं एक ठरवलं की प्रत्येक विद्यार्थ्याकडं पहिल्या दिवशी पुस्तक असतं.

आठवी पायरी: विद्यापीठापर्यंतचा पूल

विद्यापीठ बदलताना विद्यार्थ्यांची सरासरी ४३ टक्के क्रेडिटं वाया जातात, असं केंद्र सरकारच्या लेखापरीक्षण कार्यालयानं २०१७ साली सांगितलं. यात सगळ्या प्रकारच्या संस्था आल्या, तरी आकडा धडकी भरवणारा आहे. वॅलेन्सियानं सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठाबरोबर करार केला की दोन वर्षांची पदवी घेतलेल्याला तिथं प्रवेश नक्की. नॉर्दर्न व्हर्जिनिया कम्युनिटी कॉलेज आणि जॉर्ज मेसन विद्यापीठ यांचा असाच ॲडव्हान्स कार्यक्रम २०१८ पासून आहे. करार करताना क्रेडिट घेऊ या शब्दांवर समाधान मानू नका. ते क्रेडिट त्या मुख्य विषयाच्या गरजेत धरणार का, हे एकेका विषयापुढं लिहून घ्या.

व्हर्जिनिया, न्यूजर्सी, बे एरिया इथल्या मराठी घरांनीही हे लक्षात ठेवावं. मुलगी कम्युनिटी कॉलेजातून विद्यापीठात जाणार असेल तर पहिल्या सेमिस्टरच्या आधीच विषयांची जुळवणी बघा. कॅलिफोर्नियात त्यासाठी असिस्ट हे सरकारी संकेतस्थळ आहे. व्हिसावर असलेल्यांना केंद्राची आर्थिक मदत मिळत नाही, म्हणून वाया गेलेलं प्रत्येक क्रेडिट त्यांना थेट खिशातून पडतं.

नववी पायरी: माणसं बरोबर घेणं

वरच्या सगळ्यापेक्षा हे अवघड. शिकागोच्या सिटी कॉलेजेसमध्ये २०१० साली शेरिल हायमन प्रमुख म्हणून आल्या तेव्हा पदवीचं प्रमाण ७ टक्क्यांच्या आसपास होतं. पुढच्या वर्षांत ते दुपटीहून वर गेलं. तरी फेब्रुवारी २०१६ मध्ये प्राध्यापकांनी त्यांच्यावर अविश्वासाचा ठराव केला. तक्रारींत एक मोठी होती: एकेका विषयाचे कार्यक्रम एकाच कॉलेजात गोळा केल्यानं शहराच्या दुसऱ्या टोकाच्या विद्यार्थ्यांना लांबचा प्रवास पडणार. आकडे सुधारणं आणि लोकांचा विश्वास राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी नसेल तर पहिली तुमच्यामागं टिकत नाही.

कॅलिफोर्नियात १९८८ च्या कायद्यानं शैक्षणिक बाबींत प्राध्यापकांच्या सिनेटचा सल्ला बंधनकारक केला आहे. इतर राज्यांत नियम वेगळे, युनियन वेगळ्या. नव्या प्रमुखानं पहिल्या महिन्यात करार आणि सिनेटचे नियम ओळ न ओळ वाचावेत. बदलाचा ठराव आपण मांडण्यापेक्षा आकडे त्याच विभागापुढं ठेवावेत आणि काय करायचं ते त्यांना ठरवू द्यावं, मात्र तारीख ठरवून. गणिताच्या शिक्षकाला दुसऱ्या कॉलेजातल्या गणिताच्या शिक्षकाचं जितकं पटतं तितकं कुठल्याच डीनचं पटत नाही, म्हणून प्रवासखर्च देऊन त्यांना तिकडं पाठवा.

ट्रस्टींचं गणित निराळं असतं. बऱ्याच ठिकाणी ते स्थानिक निवडणुकीतून येतात आणि विद्यार्थीसंख्या घटली की घाबरतात, कारण पैसा डोक्यावर मोजून येत आला आहे. टेक्सासनं २०२३ च्या कायद्यानं, हाऊस बिल ८ नं, तो पदव्या, प्रमाणपत्रं आणि विद्यापीठात गेलेल्या मुलांशी जोडला. तुमच्या राज्यात पैसा कशावर मिळतो ते नीट शिका. परत आलेला प्रत्येक विद्यार्थी दुसऱ्या सेमिस्टरची फी आणि अनुदान घेऊन येतो, हा हिशेब मांडला की विद्यार्थ्यांचं यश हा खर्चाचा विषय राहत नाही.

दहावी पायरी: तुम्ही गेल्यावर

कॉलेजचे अध्यक्ष सरासरी पाच-सहा वर्षं राहतात. अनुदानावर चालणारा कार्यक्रम अनुदान संपलं की संपतो. म्हणून तिसऱ्या वर्षापासून प्रत्येक सुधारणेसाठी तीन जागा बघा: ती कायम अर्थसंकल्पात एक ओळ म्हणून आली आहे का, कोणाच्या नेमणूकपत्रात काम म्हणून लिहिली आहे का आणि ट्रस्टींच्या धोरणात आहे का. नोंदणी अडवण्याची रकमेची मर्यादा, उजळणीत न टाकण्याचा नियम, आधी जाहीर करायचं दोन वर्षांचं वेळापत्रक, या तिन्ही गोष्टी धोरणात बसतात. सल्लागारांच्या जागा अर्थसंकल्पात बसतात. पहिल्या पायरीतला तो आकड्यांचा तक्ता दर सप्टेंबरला ट्रस्टींच्या विषयपत्रिकेवर कायमचा घालून घ्या, म्हणजे पुढच्या डीनला तो मागावा लागणार नाही.